पावसाळा, पेट्रोल पंप आणि टाकीचा तळ

जून २०२५ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील रतलामजवळ एक चमत्कारिक प्रकार घडला. मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यासाठी आणलेल्या १९ गाड्या एका पंपावर डिझेल भरून निघाल्या आणि थोड्याच अंतरावर एकामागोमाग एक बंद पडल्या. गाड्यांच्या टाक्या उघडून पाहिल्या, तर डिझेलसोबत पाणीही निघाले. जमिनीखालच्या टाकीत पावसाचे पाणी झिरपल्याचे कारण पुढे आले आणि प्रशासनाने पंपाला टाळे ठोकले. मुख्यमंत्र्यांचा ताफा होता म्हणून बातमी देशभर गेली; एखाद्या रिक्षावाल्याच्या बाबतीत हेच घडले असते तर गॅरेजमधील वादापलीकडे ते गेले नसते. तरीही एका अर्थाने रतलामचे प्रकरण सोपे होते, कारण ते इंधन डिझेल होते. आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलच्या टाकीत तेवढेच पाणी शिरले असते, तर मामला बराच किचकट झाला असता.

डिझेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पाणी जड म्हणून तळाशी बसते, डिझेल वर राहते. पंपावरचा कर्मचारी लांब डिप रॉडच्या टोकाला एक खास पेस्ट लावून तो टाकीत सोडतो; पाणी लागले की पेस्टचा रंग बदलतो आणि तळाशी किती पाणी आहे ते कळते. मग ते उपसून काढायचे. इथेनॉल नसलेल्या पेट्रोललाही हाच उपाय लागू पडत असे. पंपचालकांच्या पिढ्या याच सवयीवर वाढल्या.

इथेनॉलने हे गणित बदलले. इथेनॉल पेट्रोलमध्येही मिसळते आणि पाण्यातही. पण त्याची ओढ पाण्याकडे अधिक. पाणी अगदी थोडे असेल तर इथेनॉल ते स्वतःत सामावून घेते, पेट्रोल एकजीव राहते आणि ते पाणी इंजिनातून निमूट निघून जाते. मात्र या सहनशक्तीला मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण १५ अंश तापमानाला ती जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे १० हजार लिटरमागे ५० लिटर पाणी, एवढी असते. इथेनॉल २० टक्के असेल तर मर्यादा वाढते, तापमान घसरले तर कमी होते. ती ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. टाकीत दोन थर तयार होतात. वर इथेनॉल गमावलेले पेट्रोल, खाली इथेनॉल-पाण्याचे मिश्रण.

हा खालचा थर नुसत्या पाण्याएवढा पातळ नसतो. १० हजार लिटर मिश्रणात २ हजार लिटर इथेनॉल असते. त्यातला मोठा हिस्सा खाली उतरला की थर शेकडो लिटरचा होतो आणि बघता बघता पंपाच्या शोषणनळीच्या तोंडापर्यंत पोहोचतो. ग्राहकाच्या गाडीत मग पेट्रोल न जाता हेच मिश्रण जाते. वर उरलेले पेट्रोलही निर्दोष नसते. इथेनॉल हा ऑक्टेन वाढवणारा घटक. तो निघून गेला की पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो, इंजिन ठोके देऊ लागते. म्हणजे खालचा माल वाया आणि वरचा माल मानकाबाहेर.

यापेक्षा फसवी गोष्ट मोजमापाची आहे. जुनी पेस्ट शुद्ध पाण्यासाठी बनवलेली. इथेनॉलने पातळ झालेल्या पाण्यावर ती अनेकदा फिकट खूण देते किंवा गप्प राहते. स्वयंचलित मोजणी यंत्रांतील पाण्याचा तरंगता गोळाही पाण्याची घनता गृहीत धरून केलेला असतो. इथेनॉल-पाण्याचा थर पाण्याहून हलका, त्यामुळे गोळा जागचा हलत नाही आणि पडद्यावर ‘पाणी शून्य’ झळकत राहते. इथेनॉलयुक्त इंधनासाठी वेगळी पेस्ट आणि वेगळे गोळे मिळतात. ते वापरात आहेत की नाहीत, हे मायलेजच्या वादापेक्षा आधी विचारायला हवे.

कारण दरम्यानच्या काळात धोरण वेगाने पुढे गेले आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३० साठी होते. ते २०२५-२६ वर आणले गेले. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचे पेट्रोल बाजारात उतरले आणि २०२५ मध्ये ते देशभर सर्रास मिळू लागले. महाराष्ट्रासारख्या ऊस पिकवणाऱ्या राज्याला, साखर कारखान्यांना आणि त्यांच्या आसवन्यांना याचा फायदा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. जुन्या गाड्यांचे रबरी भाग टिकतील का, मायलेज किती घटेल, यावर भरपूर चर्चा झाली. ती बहुतेक गाडीच्या टाकीभोवती फिरली, पंपाच्या टाकीकडे फारसे कोणी पाहिले नाही. आणि कोकणात चार महिने धो धो पाऊस कोसळत असताना पाणी आधी शिरते ते तिथेच: इंधन भरण्याच्या नळीच्या ढिल्या झाकणातून, मॅनहोलच्या झिजलेल्या गॅस्केटमधून, हवा खेळवणाऱ्या नळीतून आत आलेल्या दमट हवेच्या दवातून, कधी टँकरमधूनच. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तसे एखादे शहर बुडाले, की जमिनीखालच्या टाकीवर पाणी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चाल करते. २० हजार लिटरची रिकामी टाकी सुमारे २० टन पाणी बाजूला सारते. नीट जखडलेली नसेल तर ती जमीन फोडून वर येऊ शकते. पुराचा इशारा मिळाल्यावर टाक्या भरलेल्या ठेवतात तो याचसाठी.

बिघडलेले इंधन दुरुस्त होते का? डिझेलच्या बाबतीत बहुधा होते. आधी ते स्थिर राहू द्यायचे, तळचे पाणी आणि गाळ काढायचा, मग उरलेले डिझेल गाळण्यांतून फिरवायचे. त्यातली एक गाळणी पाण्याचे सूक्ष्म थेंब एकत्र करून मोठे करते, म्हणजे ते खाली पडतात. मोठ्या प्रमाणावर असेल तर सेंट्रिफ्यूज वापरतात. शेवटी प्रयोगशाळेत तपासून मानकात बसले तरच विक्री. अडचण येते ती जीवाणू आणि बुरशीची. ‘केरोसिन बुरशी’ म्हणून ओळखली जाणारी हॉर्मोकोनिस रेझिनी पाणी आणि इंधनाच्या सीमेवर राहते; पाणी प्यायला खाली, इंधन खायला वर. तिचा शेवाळासारखा चिकट थर फिल्टर तुंबवतो आणि तिची आम्ले पोलाद खातात. जंतुनाशक टाकून ती मरते, पण मेलेला लगदा टाकीतच राहतो आणि आणखी जोराने फिल्टरमध्ये जाऊन बसतो. म्हणून औषधापाठोपाठ टाकी धुणे भागच असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०१६ च्या अहवालानुसार, तपासलेल्या डिझेलच्या ४२ भूमिगत टाक्यांपैकी ८३ टक्के टाक्यांत आतून मध्यम ते गंभीर गंज आढळला. त्याची आधी कल्पना असलेले मालक एक चतुर्थांशाहूनही कमी होते.

थर पडलेल्या पेट्रोलचे तसे नाही. गाळणीने इथेनॉल पाण्यातून परत पेट्रोलमध्ये जात नाही. ढवळून एकजीव केल्यासारखे वाटले तरी थोड्या वेळात थर पुन्हा वेगळे होतात. दोन्ही थर स्वतंत्र उपसून डिपोकडे किंवा शुद्धीकरण कारखान्याकडे परत पाठवणे हाच मार्ग. इथे खरा मोह आहे. लिटरला शंभर रुपये धरले तरी १० हजार लिटर म्हणजे १० लाखांचा माल. नुकसान कोणी भरून द्यायचे हा वाद सुरू होण्याआधीच, रोजच्या ताज्या मालात थोडे थोडे मिसळून ते खपवण्याचा विचार कोणाच्याही मनात येऊ शकतो. नुकसानीचा हिशेब आधीच ठरलेला असेल तर पंपचालक पाणी शिरल्याचे लपवणार नाही. शिक्षेची भीती एकटी हे काम करत नाही.

आता टाकी धुण्याबद्दल. या साऱ्या प्रकरणातला सर्वांत जीवघेणा भाग हाच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी केलेली टाकी जास्त धोकादायक असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने पेट घेते आणि उपसलेल्या टाकीत नेमके हेच प्रमाण तयार होऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे झाकण उघडे ठेवल्याने ती निघून जात नाही, तळाशी बसून राहते. तिच्यात बेंझिन असते आणि बेंझिन हे माणसात कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले द्रव्य आहे. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. ऑक्सिजन नेहमीच्या २०.९ टक्क्यांवरून घसरला, तर आत उतरलेल्या माणसाला ते जाणवतही नाही. तो थेट कोसळतो.

मग वरचा माणूस त्याला काढायला उतरतो. बंदिस्त जागेतील मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेने १९८६ मध्येच दाखवून दिले होते, की अशा मृतांत ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. विहिरीत, ड्रेनेजमध्ये, मैलाच्या टाकीत एकामागोमाग तीन-चार जण गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दरवर्षी येतात. त्यामागे हेच कारण असते.

म्हणून चांगली पद्धत म्हणजे माणूस आत न उतरवणे. वरून नळी सोडून स्फोटरोधक पंपाने गाळ ओढायचा, धुण्याचा फवाराही वरूनच मारायचा, टाकी, नळी आणि टँकर तारेने जमिनीशी जोडायचे, कारण जोराच्या फवाऱ्यातून स्थिर वीज तयार होते. उतरणे अटळच असेल तर तळापर्यंत हवा खेळवून वर, मधे आणि तळाशी अशी तिन्ही ठिकाणी मोजणी हवी; आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वाफ, मग विषारी वायू. अंगात पट्टा, वर तिपाई आणि बाहेर एक असा माणूस, ज्याला आत उतरण्याची सक्त मनाई आहे. पेट्रोलियम नियम २००२ नुसार टाकी वायुमुक्त असल्याची खात्री झाल्याशिवाय आत जाता येत नाही. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय नागपूरला आहे. २०१३ चा हाताने मैला साफ करण्यावरील बंदीचा कायदा गटारे आणि मैलाच्या टाक्यांना लागू आहे; इंधनाच्या टाकीत बादली घेऊन उतरणारा मजूर त्याच्या कक्षेत येत नाही. त्याचे संरक्षण त्या एका प्रमाणपत्रावर आणि ठेकेदाराच्या प्रामाणिकपणावर उभे आहे.

उपसलेला गाळ हा घातक कचरा आहे, तसे २०१६ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. तो अधिकृत प्रक्रिया केंद्रातच जायला हवा. नाल्यात ओतला तर तो शेजारच्या विहिरीत पोहोचतो. इथेही इथेनॉलची एक खोड आहे. जमिनीतले जीवाणू इंधनातील इथेनॉल आधी खातात, त्यात ऑक्सिजन संपवून टाकतात आणि बेंझिन न पचता अधिक दूरवर पसरते.

ग्राहकाच्या हाती थोडे आहे, पण काहीच नाही असे नाही. पंपावर घनता मोजून दाखवण्याची मागणी करता येते. त्या दिवशीच्या नोंदीपेक्षा घनमीटरमागे तीन किलोहून अधिक फरक असेल तर काहीतरी बिनसले आहे. स्वच्छ काचेच्या बरणीत काढलेले पेट्रोल पारदर्शक दिसायला हवे. ते धुरकट दिसले, किंवा तळाशी वेगळा थर दिसला, तर गाडी सुरू न करता आधी टाकी रिकामी करून घ्यावी. पावती जपून ठेवावी आणि तक्रार लेखी द्यावी. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, पंपाच्या आवारात पाणी तुंबलेले असताना, आदल्या रात्री पाणी तपासले का आणि कोणत्या पेस्टने, एवढा प्रश्न विचारायला हरकत नाही.