'टाकाऊतून टिकाऊ'मध्ये जुना टीव्ही नको!



कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' घेतला नाही अशी शाळा सापडणं कठीण. करवंटीचा दिवा, बाटलीची कुंडी, लग्नपत्रिकांचं तोरण. मुलं यात रमतात आणि त्यांचा हातही तयार होतो. पण अलीकडे प्रदर्शनाच्या टेबलावर वेगळ्याच वस्तू दिसतात. जुन्या रेडिओच्या सर्किटची फोटोफ्रेम, बंद पडलेल्या ट्यूबलाइटची शोभेची वस्तू, टीव्हीतल्या तांब्याच्या तारेचं फूल. आपण कौतुक करतो, कधी बक्षीसही देतो.

माझं मत स्पष्ट आहे. विजेवर चालणारी कोणतीही जुनी वस्तू या उपक्रमात येऊ देऊ नये. 'घरातला ई-कचरा गोळा करून आणा' असा प्रकल्पही प्राथमिकच्या मुलांना देऊ नये.

असं का?

करवंटी फुटली तर करवंटीच राहते. या वस्तूंचं तसं नाही. डब्यासारख्या जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत शिसं असतं. ती नळी हवाबंद, आतून निर्वात असते, त्यामुळे घाव बसला की काचा जोरात उडतात. ट्यूबलाइटमध्ये थोडा का होईना, पारा असतो. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धक्का देण्याइतकी वीज साठून राहू शकते. तांबं मोकळं करायला वायर जाळली, की तिच्या प्लास्टिकचा विषारी धूर निघतो. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या शरीरात ते जास्त शोषलं जातं. म्हणजे ज्या वयाच्या मुलांना आपण हे काम सांगतो, त्यांनाच धोका सगळ्यात जास्त.

फ्रीजचं आणखी वेगळं. खूप जुन्या फ्रीजमध्ये ओझोनच्या थराला मारक असलेला वायू असायचा. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. नंतर आलेल्या अनेक फ्रीजमधला वायू ओझोनला चालतो, पण तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त भर घालतो. कॉम्प्रेसरसाठी पाइप कापला, की तो सगळा हवेत जातो.

गावात काय होतं?

आमचं रनाळे घ्या, नाहीतर नंदुरबार-दोंडाईचा रस्त्यावरचं कुठलंही गाव घ्या. आपल्याकडे वस्तू लगेच टाकली जात नाही. कूलर दर उन्हाळ्यात दुरुस्त होतो, मिक्सरचं भांडं बदलतं, फ्रीज थंड करेनासा झाला की त्याचं कपाट होतं. ही सवय चांगलीच आहे. जी वस्तू दुरुस्त होते, तिचा कचरा होत नाही. फक्त एक सांगते. फ्रीजचं कपाट करणार असाल तर आधी त्याचं दार काढा. लपाछपी खेळताना मूल आत बसलं आणि दार लागलं, तर आत हवा उरत नाही. अमेरिकेत अशा घटनांमुळेच १९५६ साली फ्रीजचं दार आतून उघडता आलं पाहिजे, असा कायदा करावा लागला होता.

शेवटी भोंगा लावून भंगारवाला येतो. भाव वजनावर ठरतो. तांब्याला वेगळा, लोखंडाला वेगळा, प्लास्टिकला वेगळा. म्हणून चार पैसे जास्त मिळावेत यासाठी आपणच घरी वस्तू फोडतो. उपयोगाचं निघून जातं आणि काच, थर्माकोल, सर्किटचे तुकडे उकिरड्यावर किंवा नाल्यात पडतात. मुलं तिथेच खेळतात.

यात भंगारवाल्या भाऊंना खलनायक करणं मला पटत नाही. तेच एकटे दारापर्यंत येतात. आणि धुराचा पहिला त्रास त्यांच्याच घरातल्या मुलांना होतो. ती मुलंही आपल्याच शाळांत शिकतात. वर्गात 'भंगारवाल्याला देऊ नका' असं शिकवलं, तर त्या मुलानं मान खाली घालून बसायचं का? पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. ज्यांना लोक बाजूला ठेवत होते, त्यांच्याच हाती शहराचं हे काम आलं. भंगारवाल्यांनाही असंच सोबत घेता येईल.

इन्व्हर्टरची बॅटरी उकिरड्यावर का दिसत नाही?

हा प्रश्न पाचवीच्या मुलांना जरूर विचारा. उत्तर सोपं आहे. जुनी बॅटरी दिली की दुकानदार नवीनच्या किमतीत पैसे कमी करतो, म्हणून ती आपोआप परत जाते. लोकांना शहाणपण शिकवायची गरजच पडली नाही, कारण व्यवस्था तशी आहे.

टीव्ही-फ्रीजसाठीही नियम आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार, वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांना ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याचं पुनर्चक्रण करून घ्यावं लागतं. २०२३-२४ साठी हे प्रमाण ६० टक्के होतं, २०२७-२८ पासून ते ८० टक्के होणार आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण खेड्यातल्या माणसाला बंद टीव्ही नेऊन द्यायची जागा जवळपास दिसत नाही. म्हणून माझी मागणी ग्रामपंचायतीकडे आहे. वर्षातून दोन दिवस, दिवाळीच्या साफसफाईनंतर आणि उन्हाळा संपताना, ई-कचरा गोळा करावा आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्यावा. पालकांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. शाळेने फळ्यावर सूचना लिहावी, प्रभात फेरी काढावी. पण शाळेची खोली भंगाराचं गोदाम होऊ देऊ नये.

मग वर्गात काय घ्यायचं?

वस्तूला हात न लावता खूप काही शिकवता येतं.

१. घरातल्या विजेच्या वस्तूंची यादी. किती वर्षांची, किती वेळा दुरुस्त केली, आता कुठे आहे? त्यावरून वर्गाचा चित्रालेख. गणित आणि परिसर अभ्यास एकत्र होतो.

२. गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराची मुलाखत. मुलांनी प्रश्न आधी लिहून काढावेत. भाषेचा तास सत्कारणी लागतो.

३. टोकियो ऑलिम्पिकची गोष्ट. जपानमध्ये लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून, त्यात सुमारे ६२ लाख मोबाइल होते, सोनं, चांदी आणि कांस्य काढून जवळपास ५,००० पदकं बनवली गेली. नीरज चोप्राचं सुवर्णपदकही त्यातलंच! मुलं डोळे मोठे करून ऐकतात. मग सांगा, की २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि रीतसर पुनर्चक्रण झाल्याची नोंद त्यातल्या पाव भागाचीही नाही.

पालकांना विनंती

वस्तू आधी दुरुस्त होते का पाहा. चालू असेल तर गरजूला द्या. नवीन घेताना दुकानात जुनी परत घेतात का, हे भाव ठरवण्याआधी विचारा. भंगारात द्यायचीच असेल तर अख्खी द्या, फोडून नको. ट्यूबलाइट फोडू नका, वायर जाळू नका. जुना मोबाइल देताना त्यातली माहिती पुसा. आणि हे काम मोठ्यांनीच करा.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या प्रदर्शनाच्या सूचनापत्रात एक ओळ वाढवा: 'विजेच्या किंवा बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंचे भाग वापरू नयेत.' यासाठी वरून परिपत्रक यायची वाट पाहावी लागत नाही. तुमच्या शाळेत याबाबत काय करता, तेही नक्की कळवा.