मोटारीचें तेल कोणाच्या हातीं द्यावें?

गेल्या महिन्यांत पुण्याच्याच एका भगिनीचें पत्र आम्हांस आलें. यजमान नोकरीनिमित्त परदेशीं. घरीं सासूसासरे, धाकटे दीर-जाऊ व मुलें. आणि या सर्वांस मिळून एक मोटार. गाडी घेऊन दोन वर्षें झालीं. तेल बदलण्यासाठीं ती दर वर्षीं कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे, म्हणजे आपण ज्यास शोरूम म्हणतों तेथें, जाते. आणि दर वर्षीं बिलाचा आंकडा फुगत जातो. सासरे म्हणतात, "गल्लीच्या टोंकाला मिस्त्री आहे, तो निम्म्या पैशांत करून देईल." दीर म्हणतात, "तसें केलें तर वॉरंटी गेलीच म्हणून समजा." बाईंचा प्रश्न एवढाच, कीं दोघांपैकीं विश्वास कोणावर ठेवावा?

विश्वास पानिपतांत गेला, असें आपण मराठी माणसें हंसण्यावारी म्हणतों. पण संसार चालावयाचा तर दूधवाल्यापासून वैद्यापर्यंत कोणावर तरी विश्वास टाकल्यावांचून गत्यंतर नसतें. दूध तापविलें म्हणजे त्याचा गुण कळतो. मोटारीच्या तेलाचें तसें नाहीं. तें बदललें काय किंवा न बदललें काय, गाडी त्या दिवशीं सारखीच धांवते. लबाडी उघडकीस येते ती वर्षा-दोन वर्षांनीं, आणि तोंपर्यंत बिलाचा कागदही गहाळ झालेला असतो. जें काम आपल्या दृष्टीआड होतें आणि ज्याचें फळ उशिरां दिसतें, तें कोणाच्या हातीं द्यावें, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे खरा.

प्रथम हें तेल करतें काय, तें पाहूं. इंजिनांतील धातूचे भाग मिनिटास हजारों फेरे घेत असतात. त्यांच्यामध्यें वंगणाचा पातळ थर राहतो म्हणून ते एकमेकांस घांसून झिजत नाहींत. तेंच तेल उष्णता वाहून नेतें, काजळी व धातूचे सूक्ष्म कण पोटांत घेतें आणि गंज धरूं देत नाहीं. हीं कामें करतां करतां तें स्वतः निकामी होतें, म्हणून बदलावें लागतें. लहान पेट्रोल मोटारीस साधारण तीन ते चार लिटर तेल पुरतें. आज भारतांत विकल्या जाणाऱ्या अनेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेंत दर १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तेव्हां तेल बदलावें, असें सांगितलेलें असतें. धुळीचे रस्ते, खोळंबत चालणारी वाहतूक आणि अगदीं आंखूड फेऱ्या यांची गणना पुस्तिका कष्टाच्या वापरांत करते व मुदत आणखी कमी करावयास सांगते. मंडईपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीला कसले आले कष्ट, असें पुष्कळांस वाटतें. परंतु तेवढ्या फेरींत इंजिन पुरतें तापतच नाहीं. आंत जमलेला ओलावा आणि न जळलेलें पेट्रोल उडून न जातां तेलांतच मिसळून राहतें. म्हणून वर्षांत गाडी तीनच हजार किलोमीटर चालली तरी वर्षानें तेल बदलावें, असें शोरूमनें सांगितल्यास त्यांत फसवणूक नाहीं.

तेलाच्या डब्यावर ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असे आंकडे असतात. पहिला आंकडा तें थंडींत कितपत वाहतें हें दाखवितो, दुसरा तापलेल्या इंजिनांत तें कितपत दाट राहतें हें सांगतो. पुस्तिकेंत जो आंकडा असेल तोच घ्यावा. अधिक दाट तें अधिक पौष्टिक, हा तुपाचा न्याय येथें लागू पडत नाहीं.

आतां आमच्याच घरची हकीकत सांगतों. दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत नाशिकास आमच्या मामांचें सहस्रचंद्रदर्शन होतें. आमचे वडील नाना, वय वर्षें चौऱ्यायशी, प्रवासाचे फारसे उत्साही नव्हेत. पण मेहुण्याचा सोहळा म्हणून निघाले. गाडी तीनच दिवस आधीं शोरूममधून तेल बदलून, धुऊन-पुसून आली होती. चाकण, मंचर मागें पडलें. नारायणगांव ओलांडून आळेफाट्याकडे जात असतां चालकासमोरील तबकडींत तेलाच्या झारीच्या आकाराचा तांबडा दिवा लागला. आम्हीं म्हटलें, पुढें पंप आहे, तेथें पाहूं. पण गाडी चालविणारा आमचा पुतण्या, वय वर्षें बावीस, त्यानें आमचें ऐकलें नाहीं. त्यानें गाडी तत्काळ कडेस घेतली आणि इंजिन बंद केलें. तो दिवा तेलाचा दाब गेल्याची खूण आहे, आणि त्या स्थितींत आणखी मैलभर जाणें म्हणजे इंजिन गमावणें, हें त्यास ठाऊक होतें, आम्हांस नव्हतें.

फाट्यावरून एक मिस्त्री मोटारसायकलवर आला. त्यानें खालीं वांकून पाहिलें आणि चेंबरचा नट बोटांनीं फिरवून दाखविला. जुनें तेल सोडतांना हा नट काढतात. तो परत लावतांना पान्यानें आवळावयाचा राहिला होता आणि त्याखालचें वॉशरही जुनेंच होतें. हादऱ्यांनीं नट सैल होत गेला व तेल रस्त्यावर सांडत आलें. मिस्त्रीनें नवें वॉशर घातलें, नट आवळला, पुस्तिका पाहून त्याच आंकड्याचें तेल आणविलें आणि दिवा विझलेला दाखवून मगच पैसे घेतले; तेही तेलाची किंमत आणि वर दोनशें रुपये. नाना तेवढा वेळ बाभळीच्या सावलींत बसून होते. सोहळ्यास आम्ही पोंचलों, पण औक्षण होऊन गेल्यावर.

परत आल्यावर आम्ही शोरूममध्यें गेलों. जॉबकार्डावर चेंबरच्या नटापुढें "तपासला" अशी खूण होती. प्रथम आम्हांस सांगण्यांत आलें, कीं खालून दगड लागला असेल. पुतण्यानें रस्त्यावर काढलेलीं छायाचित्रें व मिस्त्रीची पावती पुढें ठेवतांच सूर पालटला. व्यवस्थापकांनीं क्षमा मागितली, बिलाची सर्व रक्कम परत केली, इंजिन तपासून लेखी दिलें, आणि ज्या मुलानें काम केलें होतें त्यास आमच्यासमोर बोलावून कामावरून काढण्याची भाषा सुरू केली. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. नानांनीं त्यास एकच विचारलें, "बाळ, त्या दिवशीं तूं किती गाड्या केल्यास?" तो म्हणाला, "अकरा." नाना व्यवस्थापकांकडे वळून म्हणाले, "अकरा गाड्या यानें मागून घेतल्या नव्हत्या. खूण करणारा निराळा आणि नट आवळणारा निराळा, ही व्यवस्था तुमची. याला काढून ती सुधारणार नाहीं." मुलगा पुढेंही तेथें होता, हें आम्हांस ठाऊक आहे, कारण पुढच्या वर्षीं आमची गाडी त्यानेंच केली, आणि नट आवळल्यावर आम्हांस हांक मारून दाखविला.

एवढें वाचून सासरेबुवा म्हणतील, "मग आमचा मिस्त्रीच बरा!" त्यांनीं घाई करूं नये. आमच्याच शेजाऱ्यांनीं चार वर्षें एका ओळखीच्या मिस्त्रीकडून तेल बदलून घेतलें. माणूस मनमिळाऊ, पैसे कमी, पावती नाहीं. पुढें इंजिन उघडावें लागलें तेव्हां आंत काळ्या गाळाचा थर सांपडला. डबे नामांकित कंपनीचे होते. आंतील माल मात्र नकली होता, आणि बहुधा मिस्त्रीही त्यांत फसलेला होता. नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा! दुकान लहान म्हणून माणूस प्रामाणिक, ही समजूत दुकान मोठें म्हणून काम चोख, या समजुतीइतकीच भाबडी आहे.

शोरूमचें बिल कां फुगतें, हेंही समजून घेतलें पाहिजे. नवी गाडी विकून विक्रेत्यास सुटणारा नफा बेताचाच असतो. त्याचें पोट पुष्कळसें दुरुस्तीवर व सुट्या भागांवर चालतें. पहिल्या कांहीं खेपा फुकट म्हणतात त्या मजुरीपुरत्या. तेल आणि फिल्टर यांचे पैसे द्यावेच लागतात. शिवाय गाडी घेणाऱ्या सल्लागारास बरेच ठिकाणीं विक्रीचें उद्दिष्ट ठरवून दिलेलें असतें. म्हणून इंजिन धुण्याचें औषध, तेलांत घालावयाची पूड-पातळी, बुडाचा लेप, वातानुकूलन यंत्राचा सुगंधी फवारा असे नाना उपचार सुचविले जातात. या सर्वांस एकच प्रश्न पुरतो : "हें पुस्तिकेच्या वेळापत्रकांत कोठें लिहिलें आहे, तें दाखवा." दाखवितां आलें तर करावें, न आलें तर नको म्हणावें. यांत भीड धरण्याचें कारण नाहीं.

राहिला दीरांचा मुद्दा, वॉरंटीचा. अमेरिकेंत १९७५ च्या कायद्यानें, ठराविक छापाचाच माल किंवा ठराविक दुकानचीच सेवा घ्यावी अशी अट वॉरंटीस घालण्यास मनाई केली. तो माल वा ती सेवा फुकट दिल्यास गोष्ट वेगळी. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं १४ मोटार-कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. कारण सुटे भाग व दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या कारागिरांस मिळूं देत नव्हत्या. गिऱ्हाइकानें बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालूं नये, असेंही आयोगानें त्या निर्णयांत बजाविलें. त्यावर पुढें अपिलें झालीं, आणि व्यवहारांत अद्याप पुष्कळ पुस्तिका अधिकृत ठिकाणच्याच नोंदी मागतात. तेव्हां आमचें मत असें, कीं वॉरंटी चालूं आहे तोंवर शोरूममध्येंच जावें. तें त्यांच्या कौशल्यावर भाळून नव्हे, तर नोंदीसाठीं. इंजिनांत मूळचाच दोष निघाला तर भांडावयास कागद हातीं असावा. वॉरंटी संपल्यावर मात्र ज्याचें काम पारखलें आहे अशा मिस्त्रीकडे जाण्यास हरकत नाहीं. पावती तेथेंही घ्यावी.

कोणाकडेही गेलां तरी चार गोष्टी कराव्या. गाडी देण्यापूर्वीं सपाट जागीं, इंजिन बंद करून पांच-दहा मिनिटांनीं, तेलाची पट्टी ओढून पाहावी. परत आल्यावर पुन्हां पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्यें असावी. वरच्या खुणेपलीकडे भरलेलें तेलही फेंसाळून अपाय करतें. शोरूममध्यें तेल मोठ्या पिंपांतून देतात, म्हणून बिलावर तेलाचा आंकडा व लिटर लिहून घ्यावे आणि पुस्तिकेशीं ताडून पाहावे. जुना फिल्टर मागून घेऊन पाहावा. जमल्यास आधीं त्यावर शाईची बारीक खूण करावी. मग घरीं आल्यावर दुसऱ्या दिवशीं गाडीखालची फरशी पाहावी. तेथें तेलाचा थेंब दिसला तर लगेच परत जावें. केवळ रंगावरून मात्र कोणास चोर ठरवूं नये. डिझेल गाडींतील नवें तेल थोड्याच दिवसांत काळें पडतें, तो त्याचा धर्मच आहे. आणि घरीं कोणी हौसेनें तेल बदलीत असेल तर जुनें तेल मोरींत ओतूं नये. २०१६ च्या नियमांप्रमाणें तो घातक कचरा आहे, तो तसें तेल रीतसर घेणाऱ्याकडेच द्यावा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य-केंद्राचा १९१५ हा दूरध्वनि-क्रमांक आहे. तक्रार जॉबकार्ड व बिल जवळ घेऊनच करावी.

भगिनींस आमचें शेवटचें सांगणें असें : हें काम दिरांवर किंवा सासऱ्यांवर सोंपवून आपण मोकळ्या होऊं नका. पट्टी पाहणें हें भाताचें शीत दाबून पाहण्याहून अवघड नाहीं. मुलांसही तें शिकवा, आणि तांबड्या दिव्याचा अर्थ घरांतील प्रत्येकास सांगून ठेवा. आमच्या घरीं तो बावीस वर्षांच्या पोरास ठाऊक होता म्हणून निभावलें. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आमची वहिनी पट्टी ओढून पाहते आणि दिनदर्शिकेवर खूण करते. शोरूमवरचा आमचा विश्वास त्यामुळें कमी झालेला नाहीं; उलट गाडी तेथें देतांना आम्ही आतां पूर्वींपेक्षां निर्धास्त असतों.