नमुना चुकला की यंत्रही चुकते



नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापुरात उसाने संसार उभे केले. पण जादा पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांनी पुष्कळ रानं खारवट, चोपणही झाली. अशा रानात पानांच्या कडा करपल्या की आपण म्हणतो, "पालाश कमी पडलं," आणि म्युरेट ऑफ पोटॅशचं पोतं फोडतो. पण करपा मिठामुळे असेल तर? म्युरेट स्वतःच क्लोराइड आहे. म्हणजे पैसे देऊन रानात मीठच वाढवले!

निवाडा पान-तपासणीनेच होतो. साध्या प्रयोगशाळेत पान वाळवून, दळून, आम्लात विरघळवून सोडियम किती, पालाश किती ते मोजतात. मीठ पानाच्या कोणत्या पेशीत साठले हे मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक दाखवतो. इलेक्ट्रॉनांचा झोत पडला की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ओळखीचे क्ष-किरण सोडते. पण त्यासाठी तुकडा नेहमीप्रमाणे अल्कोहोलात सुकवला तर सोडियम-पालाश जागचे हलतात, धुऊनही जातात. सावकाश गोठवला तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. म्हणून तुकडा अतिथंड द्रवात झटक्यात गोठवून, गोठलेल्या स्थितीतच वाळवतात. मुलामाही सोन्याचा नको, कार्बनचा हवा. सोन्याची खूण स्फुरद-गंधकाच्या खुणांजवळ येते.

एवढी काळजी तज्ज्ञ घेतात. मग बांधावर आपण काय करतो? हाताला येईल ते पान तोडून, प्लॅस्टिक पिशवीत कोंबून, दोन दिवस मोटारसायकलच्या डिकीत! असला नमुना कुठल्याही यंत्राखाली ठेवा, उत्तर खोटंच येणार.

रीत अवघड नाही. शेंड्याकडून तिसरे, पूर्ण उमललेले पान घ्यावे. वीस-पंचवीस उसांची पानं घेऊन मधला भाग ठेवावा, मधली शीर काढावी. करपलेल्या व निरोगी उसाचे नमुने वेगळे ठेवावेत. नुकतीच फवारणी झालेली पानं घेऊ नयेत. धूळ झटपट धुवावी. पाण्यात भिजत ठेवले तर पालाश निघून जातो. जस्त तपासायचे असेल तर जस्ताचे घमेले वापरू नये. कागदी पिशवीवर गट नंबर, जात, लागणीची तारीख लिहून त्याच दिवशी नमुना द्यावा.

माझे स्पष्ट मत असे की कारखान्याने महागड्या यंत्राचा विचार करण्याआधी प्रत्येक गटात नमुना नीट घेणारी दोन माणसं तयार करावीत. सूक्ष्मदर्शक संशोधकांना लागेल. आपलं खताचं बिल आणि आपली जमीन वाचवायला आधी नीट तोडलेलं पान पुरे आहे.

— ऊस विकास अधिकारी