चुकीच्या खात्यात पडलेली नोंद

गेल्या महिन्यात नांदगाव पेठच्या बसथांब्यावर एक जुने खातेदार भेटले. चार वर्षांपूर्वी त्यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा संथ गतीने वाढणारा कर्करोग निघाला होता. चेहरा टवटवीत दिसला म्हणून विचारले, गोळ्या चालू आहेत ना? म्हणाले, ‘आता बरं वाटून राह्यलं साहेब, मंग गोळी कायले?’ सोयाबीनचे पैसे हाती आले नाहीत तेव्हापासून, म्हणजे दोन महिने, गोळी बंद होती.

हा रोग फसवा आहे तो इथेच. १९६० साली फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफर्ड या दोघांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी त्याचा उलगडा केला: नवव्या आणि बावीसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले असतात. माझ्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर दोन खातेवह्यांची पाने फाटून एकमेकींत शिवली गेली. त्या शिवणीवर एक नवेच जनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन अस्थिमज्जेतील पेशीला ‘वाढत राहा’ असा हुकूम अहोरात्र देत राहते. सुरुवात एकाच मूळपेशीत होते. ही चूक आईबापांकडून येत नाही, मुलांकडे जातही नाही. पांढऱ्या पेशी वाढतात, पानथरी फुगते, पण माणूस हिंडताफिरता असतो. उपचार नसतील तर काही वर्षांत त्या पेशींत नव्या चुका साचतात, पेशी पक्व होणेच थांबते आणि संथ रोग एकदम उग्र होतो. मग हाती काही महिनेच उरतात.

२००१ साली अमेरिकेत मंजूर झालेली इमॅटिनिब ही गोळी त्या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचा हुकूम बंद पाडते. आपल्याकडे मूळ कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये पडत, देशी गोळ्यांना आठ-दहा हजार. मुंबईच्या ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ने पेटंटला विरोध केला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. पुढे भाव आणखी उतरले.

पण गोळी मूळपेशींना सहसा मारत नाही, त्या मज्जेत दबा धरून राहतात. गोळी अधूनमधून चुकली की रोगाला उसंत मिळते. कधी खाचेचा आकारच बदललेल्या पेशी माजतात, आणि मग तीच गोळी त्यांना लागू पडत नाही. कित्येक वर्षे रोगाचा मागमूस नसलेल्या काहींना डॉक्टर गोळी थांबवू देतात, तेही वरचेवर रक्त तपासून. त्यातल्याही निम्म्यांच्या आसपास लोकांचा रोग परततो.

म्हणून माझे म्हणणे, स्वस्त गोळीइतकीच दर तीन महिन्यांची ती जनुकीय तपासणी महत्त्वाची आहे. त्यासाठी शेतकऱ्याने मजुरी बुडवून मुंबई-नागपूर का गाठावे? रक्ताची नळी प्रवास करू शकते. जिल्ह्याच्या रुग्णालयात नमुना घ्यावा आणि पाठवावा, सरकारला हे जड नाही.

यातले जमेल तेवढे मी थांब्यावरच सांगितले. तेवढ्यात अमरावतीची बस आली. पायरीवर पाय ठेवून त्यांनी विचारले, ‘साहेब, थे रक्त तपासाले किती दिवस लागते?’