ट्रॅप आहे साहेब, पण उपसतो कोण?

कॉलेजात असताना दोन वर्षं मी पुण्यातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये संध्याकाळची पाळी केली. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका हॉटेलचा नाही. तिथे भांडी घासायच्या मोरीखाली स्टीलची एक पेटी होती. तपासणीला कुणी आलं की मालक पायानंच तिच्याकडे बोट दाखवल्यासारखं करायचे, "ग्रीस ट्रॅप आहे साहेब." साहेब मान डोलवायचे. झाकण उघडून आत बघणारा साहेब मी दोन वर्षांत एकदाही पाहिला नाही.

ट्रॅपचं काम साधं असतं. सांडपाणी पेटीत थोडं थांबतं, गार होतं. तेल-तूप वर तरंगतं, खरकटं तळाशी बसतं आणि मधलं पाणी ड्रेनेजला जातं. पण तो थर वेळच्या वेळी काढला नाही, तर पेटी भरते आणि मग आत येईल तेवढी चरबी पुढे जाते. न उपसलेला ट्रॅप म्हणजे पाइपाचाच एक रुंद तुकडा. आमचा तसाच होता. वास सुटला की आम्ही त्यात उकळतं पाणी आणि भांड्यांचा साबण ओतायचो. चरबी वितळून निघून जायची आणि रस्त्याखाली पुन्हा थिजायची.

नुसती थिजत नाही. तेलातली आम्लं आणि काँक्रीटमधलं, सांडपाण्यातलं कॅल्शियम यांचा मिळून साबणासारखा टणक पदार्थ बनतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली असा एक गोळा सापडला. २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा. तो फोडायला कामगार संरक्षक पोशाख घालून, जोराच्या पाण्याचे फवारे घेऊन उतरले. नंतर त्याचा तुकडा तिथल्या म्युझियममध्ये काचेआड ठेवला गेला.

आमच्या हॉटेलाच्या मागचं चेंबर दिवाळीच्या आधी एका शनिवारी रात्री तुंबलं. काळं पाणी किचनच्या दारापर्यंत आलं. मालकांनी फोन केला आणि अर्ध्या तासात दोघं आले. सोबत बांबूच्या कामट्या, बादली, दोरी. कामट्या अडकल्या तेव्हा एकानं शर्ट काढला, कमरेपर्यंत चेंबरात उतरला आणि हातानं पिवळट गोळे काढून बादलीत टाकू लागला. मी ते गोळे ओळखले. त्याच आठवड्यात मीच ते उकळत्या पाण्यानं पुढे ढकलले होते.

वर आल्यावर त्यानं हात धुवायला पाणी मागितलं. किचनचा नळ चार पावलांवर होता. मालकांनी मला बाटली भरून आणायला सांगितली. मी हात लांब करून, वरूनच पाणी ओतलं. लांब उभा राहा, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, हाच आपला सगळ्यात जुना नियम आहे.

चेंबर उथळ होतं, म्हणून तो वर आला. खोल मॅनहोलात सडणाऱ्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. तो दाट असेल तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली १० लाख आणि २०२३ साली ३० लाखांची भरपाई ठरवली. मरणाची रक्कम नऊ वर्षांत तिप्पट झाली. ट्रॅप न उपसण्याची रक्कम मात्र आमच्या मालकांना शून्यच राहिली.

"नियम आहेतच की," असं लोक म्हणतात. आहेत. सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल-ग्रीस नको, असं पर्यावरण नियमांत लिहिलेलं आहे. आमच्या दारात ते मोजायला बाटली घेऊन कुणी आलं नाही. तळणीच्या तेलाची गोष्ट वेगळी. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून ते पुन्हा पुन्हा वापरण्यावर मर्यादा घातली आणि जुनं तेल बायोडिझेलसाठी गोळा करायची योजना आणली. त्या तेलाला भाव आहे, म्हणून त्याला गिऱ्हाईक आहे. ट्रॅपमधल्या आंबलेल्या गाळाला कुणी पैसे देत नाही. ज्याला भाव नाही ते गटारात जातं, आणि ज्याच्या जिवाला आपण भाव देत नाही तो ते काढायला उतरतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. 'ट्रॅप बसवा' हा नियम पुरेसा नाही. नियम उपसण्याचा हवा. अमेरिकेतल्या अनेक शहरांत चरबी आणि गाळ मिळून ट्रॅपचा एक चतुर्थांश भाग भरला, की तो उपसावाच लागतो आणि पावत्या जपून ठेवाव्या लागतात. आपल्या महापालिकांनी हेच करावं. गाळ नेणाऱ्या गाडीची पावती नसेल तर परवान्याचं नूतनीकरण नाही. चेंबर तुंबलं तर मशीनचा खर्च त्या रांगेतल्या, पावत्या नसलेल्या हॉटेलांकडून वसूल. आणि शेवटच्या उपशाची तारीख दारावर, गिऱ्हाइकाला दिसेल अशी.

यावर उत्तर ठरलेलं आहे: छोटा धंदेवाला मरेल. हे मी हलक्यात घेत नाही. वडापावच्या गाडीवाल्याला स्वतःचा ट्रॅप परवडणार नाही. मग खाऊगल्लीला एक सामायिक ट्रॅप पालिकेनं बांधावा, उपसायची गाडीही पालिकेनंच पाठवावी आणि पैसे धंद्याच्या आकारानुसार परवाना शुल्कात घ्यावेत. पण गंमत बघा, गाडीवाल्याची काळजी सगळ्यात मोठ्यानं करतात ते शंभर खुर्च्यांचे मालक. आमचे मालक त्यातलेच होते. त्या रात्री त्यांनी त्या दोघांशी पाचशे रुपयांवरून घासाघीस केली.

तुम्ही फोनवर हॉटेल शोधता तेव्हा चवीचे तारे बघता, मीही बघतो. पुढच्या वेळी बिल देताना काउंटरवर एवढंच विचारा: ट्रॅप शेवटचा कधी उपसला? उत्तर येणार नाही. तरी विचारा. त्या रात्री किचनमध्ये आम्ही सहा जण होतो, आणि हा प्रश्न आमच्यापैकी एकानंही विचारला नव्हता.