मुरूम पडला, चर बुजले

भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमाग आठवतात, अलीकडे मानकोलीकडची गोदामं. याच तालुक्यात, दिघाशीजवळच्या धर्मीच्या पाड्यावरच्या गरोदर बाईला सप्टेंबर २०२२ मध्ये डोली करून न्यावं लागलं. वाटेतच ती बाळंत झाली, बाळ गेलं.

अशा बातमीनंतर मागणी होते ती पक्क्या रस्त्याची. रास्तच आहे. पण तो होईपर्यंत कच्च्या वाटेचं काय?

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने २००० साली सपाट भागात ५०० आणि आदिवासी भागात २५० लोकवस्तीची अट घातली. पाच-पंचवीस घरांचे पाडे तिथेच गळाले. या योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षांची देखभाल असते, हे मला मनापासून पटतं. पाड्याच्या वाटेला मात्र ना ठेकेदार, ना जिल्हा परिषदेच्या नोंदीत क्रमांक. मग दुरुस्तीचा पैसा मागायचा कशाच्या नावावर?

‘वनखातं आडवं येतं’ हे तर ठरलेलं उत्तर. २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) बहुधा कुणी उघडत नाही. एक हेक्टरच्या आतली जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस, एवढ्यावर रस्त्याला वनजमीन देता येते.

कच्चा रस्ता पावसापेक्षा साचलेल्या पाण्याने मरतो. मधे उंचवटा, दोन्हीकडे उतार, चर मोकळे, ओहोळावर मोरी असली की मुरमाचा रस्ता बऱ्यापैकी तग धरतो. आपल्याकडे गणपतीच्या तोंडावर खड्ड्यांत मुरूम ओततात, वर जेसीबी फिरवतात. चर बुजतात, रस्ता बशीसारखा खोलगट होतो आणि पुढच्या सरीला चिखल. बिल मात्र निघतं!

बांधकाम खात्यात पूर्वी मैलकुली असायचे. घमेलं-फावडं घेऊन आपापला पट्टा राखायचे. तेच पाड्याच्या वाटेवर का नको? राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७चा आहे. २०२१च्या मातोश्री पाणंद रस्ते योजनेने शेतरस्त्याची बांधणी रोहयोशी जोडली, देखभालही जोडा. वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात, तेव्हा हाताला काम नसतं. चर काढायचे ते तेव्हाच, आणि दुसरी फेरी श्रावणात. त्याआधी जिल्हा परिषदेने या वाटांना क्रमांक द्यावेत. त्यासाठी डांबर लागत नाही.