मानेच्या गाठीला आधी सुई, मग सुरी

मानेवर गाठ दिसली की दोन चुका वारंवार होतात. ‘सर्दीची असेल’ म्हणत महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात, नाहीतर घाईघाईने गाठ कापून काढली जाते. या दोन्हींच्या आधी सुईची तपासणी व्हायला हवी. दवाखान्यात तिला एफएनएसी म्हणतात.

साधारण 23 ते 25 गेजची बारीक सुई गाठीत सरकवायची, थोडी आत-बाहेर हलवायची आणि आलेल्या पेशी काचपट्टीवर पसरवायच्या. टाका पडत नाही, रुग्ण लगेच घरी जातो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी 1930 मध्ये सुईने पेशी ओढून निदान करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांची सुई जाड, 18 गेजची होती; बारीक सुई पुढे स्वीडनमधल्या डॉक्टरांनी रूढ केली.

आपल्याकडे तिची गरज दुहेरी आहे. मानेची गाठ क्षयाची, म्हणजे गंडमाळ असू शकते. तशीच ती तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगाचीही असू शकते. सुईने काढलेला नमुना जीन-एक्स्पर्ट यंत्रात घातला, तर क्षयाचे जंतू आणि त्यांचा रिफॅम्पिसिन या औषधाला असलेला प्रतिकार सुमारे दोन तासांत तपासता येतो. मग निव्वळ अंदाजाने सहा महिन्यांची औषधे का सुरू करायची? आणि तोंड-घसा न तपासता गाठ कापली, तर मूळ कर्करोग आतच राहतो आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही भीती अनेक घरांत आहे. बारीक सुईने असे घडणे अतिशय दुर्मीळ आहे. निदान लांबल्याने होणारे नुकसान मात्र रोजचे आहे.

सुईला मर्यादाही आहेत. लिम्फोमाच्या, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या, निदानासाठी सुट्या पेशी बहुधा पुरत नाहीत, ऊतीची रचना पाहावी लागते. त्यासाठी जाड सुईची कोअर बायोप्सी किंवा अख्खी गाठ लागते. थायरॉइडची फॉलिक्युलर गाठ साधी की कर्करोगाची, हेही पेशींवरून ठरत नाही, कारण ती आवरण भेदून बाहेर गेली आहे का, हे काचपट्टीवर दिसत नाही. म्हणून रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला तरी संशय कायम असेल, तर सोनोग्राफीखाली पुन्हा सुई लावलीच पाहिजे.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्यासह सुई-तपासणीचा ठरलेला वार असावा. मानेवरची गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा आणि ‘सुईची तपासणी कधी करायची?’ असे स्वतःहून विचारा.